विश्लेषण : पैसे मोजून घेतलेला गेम सुरू का होत नाही? चोरीविरोधी ‘कुलपा’चा त्रास कोणाला?

२०२१ ची भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवार ७ नोव्हेंबरला, जगभरातल्या अनेक गेमरना स्वतः विकत घेतलेले गेम सुरू करता येईनात. त्यात ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ होता, ‘टोटल वॉर’ मालिकेतले गेम होते. कॉम्प्युटर ठीक, इंटरनेट ठीक, खात्यात खरेदीची नोंदही ठीक. बिघाड ‘डेनुवो’ या चोरीविरोधी यंत्रणेकडे होता. ती परवाना तपासण्यासाठी ज्या वेब पत्त्याशी संपर्क साधत असे, त्याच्या नोंदणीची मुदतच संपली होती! नूतनीकरण झाले आणि गेम पुन्हा चालू झाले. पण तोवर खोळंबले ते पैसे भरणारे ग्राहक. कुलूप तोडलेल्या चोरीच्या प्रतीला असे कुणाला विचारावेच लागत नाही.

हे ‘कुलूप’ नेमके काय असते?

त्याला डीआरएम, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट म्हणतात. डेनुवो हे त्यातले आज सर्वाधिक चर्चेतले नाव. मूळची ऑस्ट्रियातली ही कंपनी २०१८ मध्ये ‘इर्डेटो’ने विकत घेतली. गेम पहिल्यांदा सुरू केला की ही यंत्रणा तुमच्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची ओळख टिपून सर्व्हरला पाठवते आणि त्याच कॉम्प्युटरपुरता परवाना आणते. पुढे प्रोसेसर बदलला किंवा विंडोजचे मोठे अपडेट आले, तर परवाना पुन्हा मागावा लागू शकतो. अनेक गेममध्ये २४ तासांत पाचच वेगवेगळ्या कॉम्प्युटरची मर्यादा असते. ती ओलांडली की दिवसभर थांबा.

कॉम्प्युटर ‘वेगळा’ आहे हे ठरवण्यातही गफलत होते. त्याच दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, इंटेलचे १२ व्या पिढीचे प्रोसेसर विक्रीला आले. त्यात ताकदवान आणि कमी वीज खाणारे, असे दोन प्रकारचे कोअर होते. काही गेममधल्या डीआरएमला ते एकाच प्रोसेसरचे भाग न वाटता दोन वेगळे कॉम्प्युटर वाटले. अडचण येणाऱ्या सुमारे पन्नास गेमची यादी इंटेललाच जाहीर करावी लागली. तात्पुरता उपाय काय, तर बायोसमध्ये एक सेटिंग बदला आणि खेळताना कीबोर्डवरचे स्क्रोल लॉक दाबून छोटे कोअर बंद ठेवा. तीन-चार हजारांचा गेम घेणाऱ्याने एवढे का करावे, हा प्रश्न रास्तच आहे.

नांदेड-लातूरच्या गेमरला हे जास्त का जाचते?

कारण या यंत्रणा ‘नेट कायम असते’ असे धरून चालतात. विष्णुपुरीच्या वसतिगृहात किंवा लातूरला क्लाससाठी भाड्याने घेतलेल्या खोलीत गेमिंग बहुतेकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. वीज गेली की वायफायही जाते, लॅपटॉपची बॅटरी तेवढी शिल्लक असते. त्यात नेट सरकारी आदेशानेही बंद होते. मराठा आंदोलनाच्या काळात, २६ फेब्रुवारी २०२४ ला जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद ठेवले होते. एकट्याने खेळायच्या गेमला खरे तर नेटची गरजच नसते. तरीही परवान्याची तपासणी अडली, तर तो उघडत नाही.

हा अनुभव नवा नाही. २००८ मध्ये ‘स्पोअर’ हा गेम फक्त तीन वेळा ॲक्टिव्हेट करता येईल, अशी अट होती. ग्राहकांनी ॲमेझॉनवर एकेक ताऱ्यांचा पाऊस पाडला, मर्यादा पाचवर न्यावी लागली. एवढे करून त्या वर्षी सर्वाधिक चोरून उतरवलेल्या गेमच्या यादीत ‘स्पोअर’च अव्वल होता. २०१० मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ला सतत नेटची अट घातली. मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि ग्राहक बाहेर राहिले. २०१३ च्या ‘सिमसिटी’चीही सुरुवातीला तीच गत झाली. नेटशिवाय खेळण्याची सोय पुढच्या वर्षी मिळाली. जुन्या सीडी जपून ठेवणाऱ्यांना तर २०१५ मध्ये वेगळाच धक्का बसला. सीडीवरच्या जुन्या डीआरएमचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका ठरल्याने विंडोज १० ने तो नाकारला. सीडी अस्सल, पण गेम सुरू होत नाही.

वेगाचे काय?

डेनुवोमुळे गेम अडखळतो का, यावर वाद आहे आणि प्रत्येक गेमचे उत्तर वेगळे निघते. एक उदाहरण मात्र स्पष्ट आहे. २०२१ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ची कुलूप तोडलेली प्रत मूळ गेमपेक्षा सफाईने चालत असल्याचे चाचण्यांत दिसले. नंतर कॅपकॉमने अपडेट देऊन चोरीविरोधी तंत्रज्ञानात सुधारणा केल्याचे सांगितले.

मग कंपन्या हट्ट का सोडत नाहीत?

त्यांचीही बाजू आहे, आणि ती कमकुवत नाही. अमेरिकेतील संशोधक विल्यम वोल्कमन यांच्या २०२४ मधील अभ्यासानुसार, डेनुवोचे कुलूप पहिल्याच आठवड्यात तुटले तर गेमच्या उत्पन्नात सरासरी २० टक्के घट होते. १२ आठवड्यांनंतर तुटले तर नुकसान जवळपास शून्य. म्हणजे पहिले तीन महिने कुलूप ठेवण्यात व्यवहार आहे. त्यानंतरही ते वर्षानुवर्षे ठेवण्याचे समर्थन मात्र याच आकड्यांतून करता येत नाही. काही कंपन्या नंतर ते काढतात, अनेक काढत नाहीत.

आणि सर्व्हरच कायमचा बंद झाला तर? युबिसॉफ्टने ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि विकत घेतलेला गेम निरुपयोगी झाला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला ‘तुम्ही मालकी नव्हे, परवाना घेत आहात’ हे स्पष्ट सांगावे लागते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ग्राहकाच्या बाजूने ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहता येतो.

खरेदीपूर्वी स्टीमवर गेमच्या पानावर उजवीकडे नजर टाका. डेनुवो असेल तर बहुधा तिथे नोंद असते, कॉम्प्युटरच्या मर्यादेसह. खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि खेळणे दोन तासांच्या आत असेल, तर पैसे परत मागता येतात. त्यामुळे पहिली चाचणी लगेच घ्या. गावी जाणार असाल तर नेट असतानाच गेम एकदा सुरू करा आणि स्टीम ऑफलाइन मोडवर टाका. ‘जीओजी’ या पोलंडच्या दुकानात गेम डीआरएमशिवाय मिळतात. ‘सायबरपंक २०७७’ही तिथे आहे. त्याची इन्स्टॉल फाइल हार्ड डिस्कवर ठेवली, की पुढे नेट नसतानाही गेम टाकता येतो.