पीक उदंड, पदरी काय?

पीक चांगले आले की शेतकऱ्याचे भले होते, असे आपण समजतो. परंतु नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजारात कांद्याचे ढीग लागले, की शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसतोच असे नाही. कित्येकदा गाडीभाडेही सुटत नाही. असे का व्हावे? हे कोडे उलगडण्यास अर्थशास्त्रातील 'मागणीची लवचिकता' ही संकल्पना उपयोगी पडते.

इतर परिस्थिती कायम असता किंमत उतरली की मागणी वाढते, हा मागणीचा नियम. पण ती किती वाढते, हे नियम सांगत नाही. ते लवचिकता सांगते. मागणीतील शेकडा बदलाला किमतीतील शेकडा बदलाने भागले की लवचिकता मिळते. भागाकार एकाहून अधिक आला तर मागणी लवचिक, कमी आला तर अलवचिक. अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. मीठ स्वस्त झाले म्हणून कोणी आमटीत दुप्पट मीठ घालत नाही. कांद्याचेही बरेचसे तसेच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बाजारात १०० क्विंटल कांदा येतो आणि क्विंटलला १,००० रुपये भाव मिळतो. एकूण उत्पन्न १,००,००० रुपये. पुढील वर्षी आवक १२० क्विंटल झाली. लवचिकता ०.५ असेल, तर २० टक्के जादा माल खपण्यासाठी भाव ४० टक्क्यांनी उतरून ६०० रुपयांवर यावा लागेल. उत्पन्न उरले ७२,००० रुपये. माल वाढला, श्रम वाढले, पैसा मात्र घटला!

मग शेतकऱ्याने कमी पिकवावे काय? एकट्याने कमी पिकवून भाव चढत नाही. त्याचे स्वतःचे उत्पन्न तेवढे घटते. सर्वांनी मिळून कमी पिकवायचे, तर हजारो शेतकऱ्यांचे एकमत कोण घडवून आणणार? शिवाय माल धरून ठेवण्यालाही मर्यादा आहे. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो, पण खरिपाचा टिकत नाही. तो मिळेल त्या भावाने विकावाच लागतो.

हीच अलवचिकता उलट दिशेनेही काम करते. आवक थोडी घटली तरी भाव भडकतात आणि शहरातील गृहिणीचे अंदाजपत्रक कोलमडते. १९९८ साली दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत कांद्याची महागाई हा प्रचाराचा विषय झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती मे २०२४ मध्ये उठली. बंदीमुळे देशातील पुरवठा वाढतो, भाव आवरतो. ग्राहकाला दिलासा मिळतो, पण त्याची किंमत उत्पादक मोजतो.

आपल्या वर्गात एका बाकावर कांदा पिकविणाऱ्याचा मुलगा बसतो आणि शेजारी कांदा विकत घेणाऱ्याचा. दोघांची गाऱ्हाणी खरी आहेत. अर्थशास्त्र त्यांतील एकाला खोटे ठरवीत नाही. कोणत्या निर्णयाचा भार कोणावर पडतो, एवढे ते स्पष्ट दाखवते. तेवढे समजले, तरी परीक्षेपलीकडे या विषयाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.