आशेची दौड

लोकहिताच्या कार्यासाठी द्रव्य जमविण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांपैकी एक रीत फार साधी आहे. गावातील लहानथोर मंडळी ठरलेल्या दिवशी एकत्र जमतात आणि आपापल्या शक्तीप्रमाणे काही अंतर चालतात अथवा धावतात. त्यानिमित्त शेजारीपाजारी व आप्तेष्ट यांच्याकडून प्रत्येकाने थोडाथोडा निधी मिळविलेला असतो. कर्करोगावरील संशोधनासाठी दर वर्षी होणारी ‘टेरी फॉक्स दौड’ याच प्रकारची आहे.

टेरी फॉक्सचा जन्म १९५८ साली कॅनडात झाला. १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला हाडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. हा विशिष्ट प्रकारचा कर्करोग बहुधा वाढत्या वयाच्या मुलामुलींना होतो. टेरीचे प्राण वाचविण्यासाठी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रोगातून वाचण्याचा संभव शंभरात पन्नास आहे, असे त्याला सांगण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी तो अवघा पंधरा असता. हा फरक संशोधनाने घडविला होता. पुढे सोळा महिने उपचार चालले. त्या काळात रुग्णालयातील लहान मुलांच्या वेदना त्याने जवळून पाहिल्या. आपण वाचलो, आता इतरांसाठी काही केले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत धावत जाऊन संशोधनासाठी निधी जमविण्याचा त्याने निश्चय केला. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स येथे अटलांटिक महासागराच्या पाण्यात आपला कृत्रिम पाय बुडवून तो निघाला. तो पाय धावण्यासाठी बनविलेला नव्हता. तथापि टेरी दररोज सुमारे ४२ किलोमीटर अंतर तोडीत असे. आरंभी त्याची दखल थोड्यांनीच घेतली. हळूहळू मात्र रस्त्याच्या दुतर्फा माणसांची गर्दी लोटू लागली. वाटेत त्याच रोगाने पाय गमावलेला दहा वर्षांचा एक मुलगा त्याला भेटला. तो काही अंतर सायकलवरून टेरीच्या मागोमाग गेला. साऱ्या प्रवासात एवढी प्रेरणा आपणास दुसऱ्या कशानेही दिली नाही, असे टेरी म्हणत असे.

कॅनडातील प्रत्येक माणसाने केवळ एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी होती. परंतु १ सप्टेंबर १९८० रोजी, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर, थंडर बे या नगराजवळ त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांपर्यंत पोहोचला होता. लोक मात्र थांबले नाहीत. फेब्रुवारी १९८१ मध्ये निधी २ कोटी ४१ लाख डॉलरांवर गेला. त्या वेळी कॅनडाची लोकसंख्याही सुमारे तेवढीच होती. २८ जून १९८१ रोजी टेरीचा अंत झाला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या नावाने पहिली सार्वजनिक दौड झाली. तीत सुमारे ३ लाख लोकांनी भाग घेतला आणि ३५ लाख डॉलर जमले. या दौडीत स्पर्धा नसते. पहिला कोण आला, हे कोणी विचारीत नाही. विजेत्याला पारितोषिकही नाही. कोणी धावतो, कोणी काठी टेकीत चालतो, कोणी चाकांच्या खुर्चीतून जातो. शाळकरी मुलांचे डॉलरही धनिकांच्या देणगीशेजारी त्याच निधीत पडतात. थेंबे थेंबे तळे साचे, या न्यायाने पुढे अनेक देशांत झालेल्या अशा दौडींतून ८५ कोटी डॉलरांहून अधिक निधी उभा राहिला आहे.

संशोधनाचे फळ एका दिवसात हाती येत नाही. आज चालणाऱ्याला त्याचा लाभ कोणाला होईल, हे ठाऊकही नसते. परंतु शंभरात पंधराचे पन्नास झाले, ते अशाच अनोळखी माणसांच्या साहाय्यातून व परिश्रमांतून. आणि त्या वाढलेल्या पस्तिसांतील प्रत्येक जण कोणाचे तरी मूल असते.