आधी पिन, मग पाणी!

मुलांनो, आधी एक कोडं सोडवा.

दिवसभर पाणी पितो, पण त्याची तहान काही भागत नाही. भुंग्यासारखा घोंघावतो, पण फुलावर बसत नाही. स्वतः उन्हात उभा राहतो आणि घरातल्यांना गार वारा घालतो. ओळखा पाहू कोण?

नागपूर, अकोला, अमरावती, वर्धा, चंद्रपूर इकडच्या मुलांनी तर कोडं पुरतं वाचायच्या आधीच उत्तर दिलं असेल. कूलर! मुंबईच्या आणि कोकणातल्या दोस्तांनी मात्र थोडं डोकं खाजवलं असेल. त्यांच्याकडे कूलर फारसा दिसत नाही. का दिसत नाही, तेही आपण पाहणारच आहोत.

विदर्भातला उन्हाळा भारी कडक. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता! म्हणून तर होळी झाली की माळ्यावरचा किंवा गच्चीवरचा कूलर खाली उतरतो. त्याला धुतात, गंज खरवडून रंग देतात, नव्या ताट्या बसवतात, आणि मग तो पाऊस येईपर्यंत खिडकीशी मुक्कामाला असतो.

पण याच पाहुण्यापायी दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात एक वाईट बातमी येते. कूलरला हात लागला, विजेचा धक्का बसला आणि कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं. कधी ती पाणी भरणारी आई असते, कधी खेळता खेळता कूलरला टेकलेलं मूल. असे अपघात टाळता येतात. त्यासाठी कूलर कसा चालतो, हे नीट समजून घ्यायचं आणि एक छोटासा नियम पाळायचा. तो नियम म्हणजे या लेखाचं नाव!

पाणी उडतं, गारवा मागे राहतो

एक गंमत करून पाहा. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला पाण्याचा थेंब पसरवा आणि त्यावर हळूच फुंकर घाला. गार लागलं ना? आता कोरड्या उजव्या हातावर फुंकर घाला. तेवढं गार लागत नाही. फुंकर तीच, तोंड तेच, मग फरक कशाचा? पाण्याचा.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता पाणी आजूबाजूच्या वस्तूंकडून घेतं. हातावरच्या पाण्याने ती तुमच्या हाताकडून घेतली, म्हणून हात गार पडला. माठातलं पाणी असंच गार होतं. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, उडून जातं आणि जाता जाता आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं.

ही उष्णता थोडीथोडकी नसते बरं का! एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत बर्फासारखं गार असलेलं पाच लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल.

कूलर हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. खालच्या टाकीत पाणी असतं. छोटा पंप ते पाणी वर चढवतो. तिथून ते तीन बाजूंच्या ताट्यांवर ओघळतं. ताट्या वाळ्याच्या असतात किंवा लाकडाच्या कुरळ्या किसाच्या. आताच्या काही कूलरमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या जाड कागदाच्याही असतात. पंखा बाहेरची गरम हवा या ओल्या ताट्यांतून आत ओढतो. हवेची उष्णता घेऊन पाणी उडतं आणि गार झालेली हवा खोलीत येते.

आता कोकणचं उत्तर. समुद्राकाठच्या हवेत आधीच खूप बाष्प असतं. ओल्या हवेत पाणी भराभर उडत नाही, मग गारवा कुठून येणार? म्हणून मुंबईत कूलर लावला तर खोली नुसती दमट होते. विदर्भातही पाऊस सुरू झाला की कूलरची जादू ओसरते, ती याचमुळे.

आणखी एक गोष्ट. कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवावं. आत आलेल्या ओलसर हवेला बाहेर जायला वाट हवी. सगळं बंद केलं की खोलीतली हवा दमट होत जाते आणि घाम वाळेनासा होतो.

एकाच पेटीत पाणी आणि वीज

आता कूलरची दुसरी बाजू. पाणी आणि वीज यांना एकमेकांपासून लांब ठेवावं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कूलरमध्ये दोघंही एकाच पेटीत राहतात! पंखा विजेवर चालतो, पंपही विजेवर, आणि पंप तर पाण्यातच बसलेला. त्यात पेटी बहुतेकदा लोखंडी पत्र्याची, म्हणजे विजेला वाहून नेणारी.

पंपाच्या तारेवरचं आवरण जुनं होऊन तडकलं किंवा मोटरच्या तारा ओल्या झाल्या, की वीज पाण्यात आणि पत्र्यात उतरते. गंमत म्हणजे कूलर तेव्हाही छान चालत असतो, गार हवा येत असते. बाहेरून काही कळत नाही. अशा कूलरला कुणी हात लावला, की वीज त्याच्या शरीरातून जमिनीकडे धाव घेते. कूलरभोवती पाणी सांडलेलं असतं, पाय अनवाणी असतात, हात ओले असतात. ओल्या कातडीतून वीज सहज जाते. मग धक्का जबर बसतो.

"पण बाई, आमचा कूलर प्लास्टिकचा आहे!" असं वर्गात कुणीतरी म्हणतंच. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही हे खरं. पण टाकीतल्या पाण्यातून वाहते ना! त्यामुळे प्लास्टिकच्या कूलरलाही हाच नियम लागू.

फ्यूज आपल्यासाठी नसतो

"घरात फ्यूज आहे, मग भीती कसली?" असं पुष्कळांना वाटतं. थोडं गणित करू या.

एक अँपिअर म्हणजे १००० मिलिअँपिअर. शरीरातून दहा-वीस मिलिअँपिअर वीज गेली तरी हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. आपण म्हणतो, विजेने ओढून धरलं. खरं तर वीज ओढत नाही. आपलीच मूठ आवळली जाते. तीसच्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येतं. घरातला फ्यूज मात्र पाच अँपिअर किंवा त्याहून जास्त विजेचा असतो. पाच अँपिअर म्हणजे ५००० मिलिअँपिअर! म्हणजे माणसाचा जीव धोक्यात आला तरी फ्यूजला त्याची खबरही नसते. फ्यूज असतो तारा जळू नयेत म्हणून.

माणसासाठी वेगळा पहारेकरी लागतो. त्याचं नाव आरसीसीबी. घराच्या मेन बोर्डावर तो बसवतात. किती वीज घरात गेली आणि किती परत आली, याचा तो सतत हिशेब ठेवतो. हिशेबात फरक पडला, म्हणजे वीज भलत्याच वाटेने जाते आहे! घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वापरतात. तो डोळ्याची पापणी लवते न लवते तोच वीज तोडतो. त्यावर तपासणीचं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा घरातल्या मोठ्या माणसाने ते दाबून पाहावं. लगेच वीज गेली, तर पहारेकरी जागा आहे असं समजावं.

जाड्या पिनेचं काम

तीन पिनांचा प्लग पाहिलात ना? वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे ती सगळ्यांत आधी आत जाते आणि सगळ्यांत शेवटी बाहेर येते. तिची हिरवी तार कूलरच्या पत्र्याला जोडलेली असते आणि भिंतीतल्या तारेतून जमिनीत जाते. पत्र्यात वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जायला ही सोपी वाट मिळते. त्या वाटेने एकदम इतकी वीज धावते की फ्यूज उडतो आणि कूलर बंद पडतो.

पण काही घरांत बोर्डात जागा नाही म्हणून ही पिन मोडून टाकतात, किंवा दोनच पिना लावतात. काही जण हिरवी तार नळाच्या पाइपला गुंडाळतात. आता बरेच पाइप प्लास्टिकचे असतात, त्यातून वीज जमिनीत जाणार कशी? म्हणून अर्थिंग जाणकार वायरमनकडूनच करून आणि तपासून घ्यावं.

नियम लक्षात ठेवा

आमच्या वर्गातल्या एका मुलीने फार चांगला प्रश्न विचारला होता. "बटण बंद केलं तरी पिन कशाला काढायची?" उत्तर असं की, बटण दोन तारांपैकी एकच तार तोडतं. ते चुकून भलत्या तारेवर बसवलेलं असलं, तर पंखा थांबतो. पण वीज आतपर्यंत आलेली असतेच. पिन बाहेर काढली की दोन्ही तारा तुटतात. शंकाच नको!

तेव्हा कूलरमध्ये पाणी भरताना क्रम असा:

१. कोरड्या हातांनी आणि पायात चप्पल घालून आधी बटण बंद करा.
२. तार न ओढता प्लग धरून पिन बाहेर काढा. पिन डोळ्यांना दिसेल अशी, पाण्यापासून लांब ठेवा.
३. मग पाणी भरा. नळीचं पाणी मोटरवर उडू देऊ नका.
४. सांडलेलं पाणी पुसा, हात पुसा, आणि मगच पिन लावा.

हे काम मोठ्यांचं आहे. तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून क्रम म्हणायचा!

लाईट गेली असली तरी हाच क्रम. पुष्कळदा लाईट गेली म्हणून कुणी निवांत पाणी भरायला घेतं आणि तेवढ्यात लाईट येते. चालू कूलरला टेकणं, जाळीत बोट घालणं, पाण्यात हात घालून पंप हलवणं, हे तर कधीच करायचं नाही. हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर "थोडंसं करंट येतंय" म्हणून सोडून देऊ नका. लगेच घरात सांगा आणि वायरमन येईपर्यंत कूलर बंद.

आणि कुणाला धक्का बसलाच तर? त्याला हात लावायचा नाही! नाहीतर तुम्हीही अडकाल. ओरडून मोठ्यांना बोलवा आणि मेन स्विच बंद करा. म्हणून घरातला मेन स्विच कुठे आहे, ते आजच पाहून ठेवा. वीज बंद करणं जमलंच नाही, तर मोठ्या माणसाने कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावं. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. माणूस बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

टाकीतले बिनबोलावलेले पाहुणे

पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार मागेच राहतात. मिठागरात मीठ उरतं ना, तसे. त्यांचा पांढरा थर ताट्यांवर बसला की हवा नीट जात नाही. म्हणून टाकीतलं जुनं पाणी काढून टाकून नवं भरावं लागतं.

दुसरा पाहुणा जास्त वाईट. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस डास. डेंग्यू पसरवतो तो हाच. त्याला साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं. मादी पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी राहूनही काही महिने टिकतात! अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा, अर्थातच पिन काढून, टाकी रिकामी करायची, ब्रशने घासायची आणि सुकवायची. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी तिथेच राहतात. हंगाम संपला की कूलर घासून, सुकवून, झाकून ठेवावा.

घरी एसी असेल तर

एसीचं काम वेगळं. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो आणि तिच्यातलं पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकतो. म्हणून एसी लावताना दारं-खिडक्या बंद, आणि दमट मुंबईतही त्याचा उपयोग होतो. त्याला जास्त वीज लागते, तेव्हा त्याचा प्लग स्वतंत्र, जाड तारेच्या बोर्डातच लावावा, एक्स्टेन्शनवर नाही. फिल्टर साधारण दोन आठवड्यांनी, वीज बंद करून, मोठ्यांनी काढून धुवावा आणि सावलीत वाळवावा. तपमान २४ अंशांवर ठेवलं तर गारवाही मिळतो आणि वीजही वाचते. आतल्या गॅसचं काम मात्र मेकॅनिकचंच. काही नव्या एसींमधला गॅस पेट घेणारा असतो. आणि गॅलरीतल्या बाहेरच्या पेटीवर चढायचं नाही!

आता तुमचं काम

एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, 'आधी पिन, मग पाणी'. भोवती छान चित्र काढा आणि कूलरच्या बटणाजवळ, सगळ्यांना दिसेल असं चिकटवा. आई-बाबांना तीन प्रश्न विचारा: आपल्या कूलरची तिसरी पिन जागेवर आहे ना? आपल्याकडे आरसीसीबी आहे का? अर्थिंग शेवटचं कधी तपासलं? उत्तर आलं नाही, तर वायरमनकाकांना बोलवायचा आग्रह धरा. मे महिन्याची वाट पाहू नका, कूलर माळ्यावरून उतरेल त्याच दिवशी!