सागरी इजांचे प्रथमोपचार : 'चावणे' या क्रियापदाची मर्यादा

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. तथापि मालवण-तारकर्लीस जाऊन तेथील प्रवाळांमध्ये बुडी मारून येणारे विद्यार्थी आता येथेही आढळतात. पाण्यात झालेल्या इजेचे वर्णन ते घरच्याच क्रियापदाने करतात : 'काहीतरी चावले.' मराठीत साप चावतो, विंचू चावतो आणि मधमाशीही चावते. दात व नांगी यांतील भेद हे क्रियापद दाखवीत नाही. 'दंश' हा शब्दही येथे उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या संस्कृत धातूचा अर्थ चावणे हाच होय. व्यवहारात या संदिग्धतेने बिघडत नाही. उपचारात मात्र बिघडते. म्हणून पाण्याबाहेर येताच प्रथम विचारावे : खरचटले, पोळले की टोचले?

खरचटणे हे प्रवाळाचे किंवा कालवांच्या धारेचे काम. जखमेत सूक्ष्म कण राहतात व ती चिघळते. साबण व भरपूर स्वच्छ पाण्याने ती धुवावी, कण काढावेत, जंतुनाशक लावून झाकावी. धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही, हेही पाहावे.

पोळल्यासारखी आग होते ती जेलीफिश किंवा तिची नातलग 'ब्लू बॉटल' हिच्या स्पर्शाने. ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांना हिचा त्रास झाला. हिच्या शुंडकांवर असंख्य दंशकोशिका असतात. त्यांपैकी कित्येक न फुटताच त्वचेवर राहतात व गोडे पाणी ओतल्याने किंवा वाळूने चोळल्याने फुटतात. म्हणून समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत आणि त्यानंतरच सोसवेल इतक्या गरम पाण्याचा सुमारे 20 मिनिटे उपयोग करावा. काही जातींच्या बाबतीत शिरका हितकर असतो; ब्लू बॉटलविषयी मात्र तज्ज्ञांत एकमत नाही.

टोचतो तो पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा. 2013 च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी अनेकांना जखमी केले होते. या काट्याचे विष प्रथिनयुक्त असून उष्णतेने निष्प्रभ होते. यास्तव जखमी अवयव 40 ते 45 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटे बुडवावा. वेदनेमुळे जखमीला उष्णतेचा अंदाज येत नाही. तेव्हा पाणी दुसऱ्याने तपासावे. मान, छाती वा पोट यांत रुतलेला काटा उपटू नये, रुग्णालय गाठावे.

श्वास लागणे, चेहरा सुजणे, वारंवार उलट्या, मूर्च्छा यांपैकी काहीही दिसल्यास प्रकाराचा विचार न करता रुग्णालयात न्यावे. पुढील दिवसांत लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तीन इजांसाठी तीन क्रियापदे मराठीत पूर्वीपासूनच आहेत. उणीव भाषेची नव्हे, निवडीची आहे. आणि ती निवड हीच प्रथमोपचाराची पहिली पायरी होय.