कंदीलपुष्पांची परसबाग

सेरोपेजिया या शास्त्रीय नावाची प्रजाती रुईच्या कुळातील असून तिच्या फुलांच्या आकारामुळे मराठीत तिला कंदीलपुष्प म्हणतात. खर्चुडी, हमण, पाताळतुंबडी अशी तिच्या निरनिराळ्या जातींची लोकनावेही आहेत. भारतात या प्रजातीच्या ५० हून अधिक जाती आढळतात, त्यांतील बहुसंख्य प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात अन्यत्र निसर्गतः न वाढणाऱ्या आहेत, आणि सह्याद्री हे त्यांचे मोठे आश्रयस्थान आहे. कासच्या जांभ्या दगडाच्या पठारावर वाढणारी सेरोपेजिया जैनी आणि पाचगणी परिसरातील अतिदुर्मीळ सेरोपेजिया नूरजहानी या जातींनी सातारा जिल्ह्याला वनस्पतिशास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले आहे.

या वनस्पतींचे जीवनचक्र पावसाशी बांधलेले आहे. जमिनीखालच्या पिष्टमय कंदातून जूनमध्ये कोंब फुटतो, श्रावण-भाद्रपदात फुले येतात, शेंगा तडकून बियांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात आणि पावसाळा सरल्यावर वेल वाळून कंद पुढील पावसापर्यंत सुप्तावस्थेत राहतो. हा कंद खाण्याजोगा असल्याने गुराखी तो खणून खात आले आहेत. साळिंदर आणि रानडुक्कर यांचेही ते खाद्य आहे. अनेक जातींत एका रोपाला एकच कंद असतो, त्यामुळे बी धरण्यापूर्वी तो उकरला गेला की त्या रोपाचा वंश तिथेच थांबतो. चराई, वणवे आणि पठारांवरील बांधकामे यांची त्यात भर पडल्याने काही जाती मोजक्या ठिकाणीच उरल्या आहेत.

शोभेच्या दृष्टीने या फुलाचे वैशिष्ट्य असे की त्याची रचना परागसिंचनासाठी बनलेल्या पिंजऱ्याची आहे. पाच पाकळ्या खाली जुळून नळी बनते आणि बहुतेक जातींत त्या टोकांशीही जुळलेल्या राहतात, त्यामुळे बाजूंना खिडक्यांसारख्या फटी उरतात. गंधाने आकृष्ट झालेली बारीक माशी त्या फटीतून नळीत शिरते. आतील केस खाली वळलेले असल्याने तिला तळाच्या फुगीर भागात उतरता येते, मात्र परत चढता येत नाही. तेथे परागपुंज, म्हणजे एकत्र चिकटलेल्या परागकणांची गाठोडी, तिच्या मुखांगांना अडकतात. काही काळाने केस कोमेजले की माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात शिरल्यावर पराग तेथे पोहोचवते. दक्षिण आफ्रिकेतील सेरोपेजिया सँडरसोनी या जातीचे फूल जखमी मधमाशीसारखा गंध निर्माण करून अशा मधमाशीचे द्रव शोषणाऱ्या माश्यांना फसवते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

परसबागेत ही वेल वाढवताना तिचा मूळ अधिवास ध्यानात घ्यावा लागतो. ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरच्या डोंगररांगेतील जातींना दमट हवा आणि सौम्य ऊन मानवते, तर जत-आटपाडीच्या पर्जन्यछायेत, जिथे उन्हाळा कडक असतो, तिथे पाताळतुंबडी अधिक योग्य ठरते, कारण ही जाती राजस्थान व गुजरातच्या कोरड्या भागांतही वाढते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाणी साचून कंद कुजतो. म्हणून कुंडीत बारीक मुरूम, वाळू आणि कुजलेले पालापाचोळ्याचे खत मिसळून निचरा साधावा लागतो. ताज्या बिया लवकर रुजतात, पेरे असलेल्या छाटकलमांनाही मुळे फुटतात, आणि चढण्यासाठी काडी किंवा जाळीचा आधार पुरतो. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडून कुंडी सावलीत ठेवावी, अन्यथा सुप्त कंद सडतो. रुईवर पोसणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या ही वेलही खात असल्याने त्यांच्यावर लक्ष ठेवणे इष्ट ठरते.

खाण्याच्या बाबतीत मात्र सावधगिरी अनिवार्य आहे. रुई आणि कण्हेर ही याच कुळातील विषारी झाडे आहेत, तर त्याच डोंगरउतारांवर वाढणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसीन हे प्राणघातक द्रव्य असते. तेव्हा ओळख निश्चित नसलेला कोणताही कंद खाऊ नये. घरच्या पाताळतुंबडीची रोपे भरपूर वाढल्यावर त्यांतील काही कंद काढण्यास हरकत नाही, परंतु दुर्मीळ जातींचे कंद केवळ जोपासण्यासाठीच असावेत.

बागेची सुरुवात कशाने होते, यावर या छंदाचे मोल अवलंबून आहे. डोंगरातून कंद आणून लावल्यास दुर्मिळतेत भरच पडते, शिवाय राखीव वनातून वनस्पती काढणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांच्या संवर्धनाचे आणि रोपनिर्मितीचे काम केले आहे; वनस्पती उद्याने आणि लागवडीतून मिळालेले बी हाच बागप्रेमींसाठी योग्य मार्ग होय. छाटकलमातून मातृरोपाचीच जनुकीय प्रत मिळते, तर बियांतून विविधता टिकते. म्हणून शक्यतो अनेक रोपे बियांपासून वाढवावीत. घरी योग्य माश्या नसतील तर शेंगा धरणार नाहीत, आणि त्या माश्या मुळात पठारावरच्या गवत, चिखल व कीटकांच्या जाळ्यात जगतात; यावरून पठाराच्या रक्षणाची गरज बागेने भागणारी नाही, हे उघड होते. तरीही ज्या घरी बी धरेल, तेथून जातीचे नाव आणि मूळ ठिकाण यांची नोंद असलेली पुडी शेजाऱ्याकडे, शाळेकडे वा उद्यानाकडे गेली, तर या वेली जोपासण्यासाठी कोणालाही डोंगरातला कंद खणावा लागणार नाही.