रहस्यपट निराश का करतो?

बंगळूरच्या शांतिनगर भागात, डबल रोडवर, एक उड्डाणपूल आहे. या पुलावर मध्येच गाडी परत फिरवायला मुभा नाही. टोकापर्यंत जाऊन वळसा घ्यावा लागतो. तेवढा वळसा चुकविण्यासाठी काही दुचाकीस्वार दुभाजकाचे ठोकळे सरकवीत, त्या फटीतून गाडी पलीकडे काढीत आणि ठोकळा तसाच रस्त्यात टाकून निघून जात. मागून येणाऱ्याचे काय होईल, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नसे. या नित्याच्या दृश्यात दिग्दर्शक पवनकुमार यांना एका चित्रपटाचे बीज दिसले आणि 2016 साली त्यांचा ‘यू टर्न’ हा कन्नड चित्रपट पडद्यावर आला.

त्याची नायिका वृत्तपत्रातील एक उमेदवार वार्ताहर आहे. ठोकळे हलविणाऱ्या गाड्यांचे क्रमांक ती पुलावरच्या एका भिकाऱ्याकडून मिळविते. त्यांतल्या एका इसमाला भेटावे म्हणून त्याच्या दारापर्यंत जाते, आणि तो मृतावस्थेत सापडतो. संशय अर्थातच तिच्यावर येतो. श्रद्धा श्रीनाथ यांचे त्या भूमिकेबद्दल कौतुक झाले आणि पुढे मल्याळम, तमिळ, तेलुगू, बंगाली, इतकेच काय पण फिलिपीन्समध्येही ही कथा नव्याने चित्रित झाली. 2023 साली हिंदी अवतार चित्रगृहांत न येता थेट झी-फाइव्हवर आला. त्याच्या वाट्याला मात्र थंड स्वागत आले. अनेक परीक्षकांनी तो मूळ चित्रपटाशी ताडून पाहिला आणि उणा ठरविला.

कथा तीच, रहस्यही तेच. मग उणे काय पडले? माझ्या मते उणी पडली ती जागा. मूळ चित्रपटातला पूल पाहणाऱ्याच्या परिचयाचा होता. कदाचित त्यानेही कधी तो ठोकळा सरकविला असेल. त्याच्या भीतीत अपराधाची बोच मिसळलेली होती. कथा दुसऱ्या शहरात नेली की पूल जातो, पण बोच मागे राहते. हाती उरते ते नुसते कोडे.

खरे सांगायचे तर मूळ चित्रपटाचा उत्तरार्धही मला पूर्वार्धाइतका भक्कम वाटला नाही. तिथे तपास लौकिक वाट सोडतो आणि अलौकिकाचा हात धरतो. याच्या नेमके उलट उदाहरण 1993 च्या ‘मणिचित्रताळु’ या मल्याळम चित्रपटाचे. त्याचेच कन्नड रूप 2004 साली ‘आप्तमित्र’ म्हणून आले आणि हिंदी रूप 2007 साली ‘भूलभुलैया’ म्हणून. तिथे भुताटकी वाटते ती अखेरीस एका दुखावलेल्या मनाची व्याधी ठरते. (हे रहस्य आता इतके जुने झाले आहे की ते फोडल्याचा दोष मला लागू नये.) भूत जाते आणि त्या जागी माणूस दिसतो, म्हणून भीती ओसरल्यावर करुणा उरते. माणसाकडून भुताकडे जाणारी वाट अवघड असते. बेफिकीर हाताने टाकलेला एक दगड माणसाचा जीव घेतो, हे सत्य स्वतःच इतके भयंकर आहे की त्यापुढे कोणतेही भूत फिकेच पडावे.

परंतु परीक्षकाची खरी पंचाईत पुढेच आहे. मानसिक रहस्यपटाचा दोष बहुधा त्याच्या उलगड्यातच दडलेला असतो, आणि उलगडा सांगणे हा वाचकाचा विश्वासघात ठरतो. कुलूपबंद खोलीत काय बिघडले आहे हे दार न उघडता सांगायचे! मग ‘उत्तरार्ध ढिला पडला’ अशी मोघम वाक्ये लिहिली जातात. वाचकाला ती आळशी वाटतात. पुष्कळदा ती नाइलाजाने लिहिलेली असतात.

1960 साली हिचकॉक यांनी ‘सायको’ टीकाकारांना आधी दाखविला नाही आणि खेळ सुरू झाल्यावर कोणाला आत सोडू नये असा दंडक घातला. पहिली परीक्षणे संमिश्र आली. न्यूयॉर्क टाइम्सचे बॉस्ली क्राउदर यांनी आरंभी फारसा उत्साह दाखविला नव्हता, पण वर्षाअखेरीच्या उत्तम दहा चित्रपटांत त्यांनीच त्याला स्थान दिले. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ जे लांबलचक निरूपण करतो, ते मात्र कित्येकांना आजही खटकते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मायकेल पॉवेल यांच्या ‘पीपिंग टॉम’वर टीकाकार असे तुटून पडले की त्या देशातील त्यांची कारकीर्द जवळजवळ संपली. सुमारे दोन दशकांनी मार्टिन स्कोर्सेसी यांच्या खटपटीने तो पुन्हा लोकांसमोर आला आणि आज तो श्रेष्ठ चित्रपटांत गणला जातो.

हे ठाऊक असल्यामुळेच हिंदी ‘यू टर्न’ मी काही दिवसांनी दुसऱ्यांदा पाहिला. रहस्य आधीच ठाऊक होते, तेव्हा केवळ माणसांकडे पाहावे असे ठरविले होते. मत बदलले नाही. दुसऱ्या दिवशी डबल रोडवरून जाताना मात्र रिक्षावाल्याला पुलाच्या मध्यावर गाडी जरा हळू घ्यायला सांगितली.