बांधावरचे गवत आणि तोंडावरची आग



गेल्या ऊस नोंदणीच्या वेळी एका सभासदांची गाठ पडली. वय पन्नाशीचे, एकरी उतारा चांगला, पण गटऑफिसात तोंडाला उपरणे गुंडाळून बसलेले. आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "काय सांगायचं साहेब, बांध साफ करून आलो की तोंड पेटतंय. गावात म्हणत्यात, महारोग झालाय. घरात ताट बी वेगळं काढलंय."

चेहरा, पापण्या, मान आणि कोपराची लवण काळवंडून जाड झाली होती. सदऱ्याखालचे अंग मात्र स्वच्छ होते. त्वचारोगतज्ज्ञांकडे तपासणी झाली आणि निदान निघाले गाजर गवताच्या ॲलर्जीचे.

याच गवताला कोणी काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. मूळचे ते अमेरिका खंडातले. १९५५ साली ते पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी १९६८ साली, सहकाऱ्यासह, या गवताने झालेल्या त्वचादाहाची हकीकत भारतीय त्वचारोग नियतकालिकात छापली. १९७४ साली डॉ. मिचेल व डॉ. कॅलनन यांच्या जोडीने त्यांनी तो अभ्यास लंडनच्या नियतकालिकात मांडला. बांधावरचे तण असे दवाखान्याच्या दप्तरी लागले.

त्वचेचा डॉक्टर म्हणजे मलम लिहून देणारा, अशी आपली समजूत. पण त्याचे निम्मे काम विचारपूस हेच असते. रोगी कुठे राबतो? अंगाचा कोणता भाग उघडा असतो? कोणत्या महिन्यात खाज उठते? संशय आला की पाठीवर पट्टी लावून, दोन दिवसांनी ती काढून त्वचा पाहतात.

या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. गवत उपटलेच पाहिजे असे नाही. वाळल्यावर त्याचा भुसा वाऱ्याने उडून तोंडावर बसतो, तेवढ्यानेही त्रास होतो. सुरुवातीला हा त्रास काही महिनेच होतो. दुर्लक्ष केले तर पुढे बारमाही होऊन बसतो.

तेव्हा काळजी अशी घ्यावी. गवत फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, नाकातोंडाला फडके बांधावे. घरी येताच साबणाने अंघोळ करून कपडे बदलावेत. धुतलेले कपडे बांधाच्या कुंपणावर वाळत घालू नयेत. उपटलेले गवत घराजवळ जाळू नये. ज्याला ॲलर्जी आहे त्याने गवताला हातच लावू नये. ते काम घरातल्या दुसऱ्याने करावे.

आणखी एक. खाज सुटली की मेडिकल दुकानातून मिश्र मलमाची ट्यूब आणायची, ही खोड आता सोडा. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, पण दुखणे जर गजकर्णाचे असेल तर आतल्या आत पसरते, शिवाय त्वचा पातळ होते. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. ॲलर्जीवरही स्टिरॉइड देतात. पण किती आणि किती दिवस, ते डॉक्टरांनी ठरवायचे.

ही ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, बधिर असतो. आणि समजा कुष्ठरोग असता, तरी त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध मिळते. ताट वेगळे काढायचे कारण तेव्हाही नव्हते.

आमचे ते सभासद परवा भेटले. त्रास पूर्ण गेलेला नाही, पण उपरणे आता खांद्यावर आले आहे. बांध त्यांचा भाऊ साफ करतो. जाता जाता म्हणाले, "ताट पंगतीत आलं बघा, साहेब."

तुमच्या गावात असे कोणी तोंड झाकून बसले असेल, तर हा अंक त्यांना वाचून दाखवा आणि दवाखान्यापर्यंत सोबत जा.